सातवी बादली

३० सप्टेंबर १९९९. जपानच्या इबाराकी प्रांतातलं टोकाई गाव, सकाळचे साडेदहा वाजून गेलेले. अणुइंधनाच्या कारखान्यात एक कामगार नरसाळं धरून उभा होता आणि दुसरा स्टीलच्या बादलीतून समृद्ध (म्हणजे सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण वाढवलेल्या) युरेनियमचं द्रावण टाकीत ओतत होता. सातवी बादली ओतत असताना निळा लखलखाट झाला आणि भोंगे वाजू लागले. टाकीची मर्यादा २.४ किलो युरेनियमची होती. आत सुमारे १६ किलो गेलं होतं. किरणोत्सारामुळे ते दोघंही सात महिन्यांच्या आत दगावले.

युरेनियमचं अणुकेंद्र फुटलं की सरासरी दोन-अडीच न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यातल्या सरासरी एकाने जरी पुढचं केंद्र फोडलं, तरी साखळी आपली आपण चालू राहते. हीच क्रांतिक अवस्था. बाकीचे न्यूट्रॉन शोषले जातात किंवा बाहेर निसटतात, आणि किती निसटतील हे भांड्याच्या आकारावर ठरतं. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण पृष्ठभाग वाढतो. न्यूट्रॉनचंही तसंच. तेच द्रावण उंच, अरुंद नळकांड्यात निर्धोक राहतं. तसं नळकांडं त्या कारखान्यात होतंही! पण काम लवकर उरकावं म्हणून रुंद टाकी वापरली गेली. तिच्याभोवती खेळवलेलं थंड पाणी न्यूट्रॉन परत आत ढकलत होतं. ते पाणी काढून टाकेपर्यंत, म्हणजे सुमारे वीस तास, साखळी तुटली नाही.

हे सगळं आधी मोजता येतं. १९४६ साली आजारातून उठलेले गणितज्ञ स्टॅनिस्लॉ उलाम एकट्यानेच पत्ते खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता गणिताने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून बघावेत, हे त्यांच्या डोक्यात आलं. त्यातून माँटे कार्लो पद्धत घडली, म्हणजे पुन्हापुन्हा नशिबाचे डाव मांडून उत्तराचा अंदाज घेणं. आज संगणक लाखो न्यूट्रॉनचा एकेक करून माग काढतो: हा कुठे आदळला, शोषला गेला की निसटला? टाकीत पाणी शिरलं तर? दोन पिंपं शेजारी ठेवली तर? एका पिढीतून पुढच्या पिढीत किती न्यूट्रॉन उरतात, ते गुणोत्तर १ च्या बरंच खाली ठेवायचं असतं. मात्र संगणकाचं उत्तर प्रत्यक्ष प्रयोगाशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबता येत नाही.

टोकाईत तर मर्यादेचा आकडा ठरलेलाच होता. ती का पाळायची, हे कामगारांना कुणी नीट समजावलं नव्हतं. मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. म्हणून गणिताचं उत्तर भांड्याच्या घडणीतच उतरायला हवं. घाईतही चूक करता येणार नाही, इतकं ते भांडं अरुंद हवं.

त्याच टोकाईत स्टेसी नावाची प्रायोगिक अणुभट्टी आहे. पूर्वी ती युरेनियमच्या द्रावणावर चालायची. आता तिच्यात इंधनाच्या सळ्या पाण्यात उभ्या करतात. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात अपघातात वितळलेलं इंधन काँक्रीट आणि लोखंडात कालवून गेलंय, अंदाजे ८८० टन. ते उपसताना कुठलं मिश्रण किती पाण्यात धोक्याचं ठरेल, याची तपासणी तिथे चालते.