'लुक अप' आणि 'लुक फॉर': 'इट' कुठे ठेवायचा?

'लुक फॉर' म्हणजे शोधणं, हे सगळ्यांना येतं. 'लुक अप' म्हणजे शब्दकोशात, यादीत किंवा नेटवर माहिती काढणं. चावी हरवली तर पहिलं, शब्दाचा अर्थ अडला तर दुसरं. अर्थाचं काम इथेच संपतं.

गाडी अडते ती सर्वनामापाशी. 'आय विल लुक अप इट' सर्रास ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. 'लुक इट अप' हवं. उलट 'लुक फॉर इट' बरोबर, 'लुक इट फॉर' चूक. अर्थांच्या लांबलचक याद्या पाठ करायला लावतात, पण हे कोणी सांगत नाही, याचाच राग येतो.

हा भेद आपण मराठीच्या तासाला शिकलेलो आहोत. 'छतावर'मधला 'वर' शब्दयोगी अव्यय, नामाला चिकटलेला. 'वर बघ'मधला 'वर' क्रियाविशेषण, क्रियापदाच्या बाजूचा. 'फॉर' पहिल्या जातीचा, तो 'इट'चा हात सोडत नाही. 'अप' दुसऱ्या जातीचा, त्यामुळे कर्म मध्ये शिरू शकतं. नाम असेल तर 'लुक अप द वर्ड' आणि 'लुक द वर्ड अप' दोन्ही चालतात. सर्वनाम मात्र मध्येच बसलं पाहिजे.

नुसत्या शब्दावरून जात कळत नाही. पंखा बंद करायचा तर 'टर्न इट ऑफ'. पण 'टर्न ऑफ द हायवे' म्हणजे हायवे सोडून वळणं. तिथला 'ऑफ' हायवेचा आहे, तो नामानंतर जाणार नाही. शंका आली तर मध्ये 'क्विकली' घालून बघा: 'टर्न क्विकली ऑफ द हायवे' चालतं, 'टर्न क्विकली ऑफ द फॅन' चालत नाही. कानालाही कळतं. 'लुक इट अप'मध्ये जोर 'अप'वर पडतो, 'लुक फॉर इट'मध्ये 'लुक'वर.

म्हणून वहीत नुसतं 'पुट ऑफ' लिहू नका. 'पुट इट ऑफ' (पुढे ढकलणं), 'कॉल इट ऑफ' (रद्द करणं), 'फिल इट इन' असं 'इट'सकट लिहा. तसंच 'डील विथ इट', 'कम अक्रॉस इट'. 'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ' अशा तीनशब्दी प्रयोगांत 'इट' शेवटीच.

आणि 'कोप अप विथ'मधला 'अप' कृपा करून काढून टाका. 'कीप अप विथ'च्या वजनावर तो घुसलाय. 'कोप विथ' एवढंच आहे.