दोन्ही काळे, दोन्ही कार्बन: कंडक्टिव्ह ब्लॅक आणि नॅनोट्यूब

वाळूजच्या मोल्डिंग शॉपमध्ये 'कंडक्टिव्ह काळा दाणा' (वीज वाहू देणाऱ्या प्लास्टिकचा) मागवला, तर दोन निराळ्या वस्तू येऊ शकतात. एकीत कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी पूड; दुसरीत कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या. दाणा हातात धरून फरक कळत नाही. डेटाशीटवर कार्बन किती टक्के आहे, ते बघा.

त्याआधी एक गैरसमज काढून टाकू. ठिबकची नळीही काळीच असते, पण तिच्यात कार्बन ब्लॅक साधारण २ ते २.५ टक्के, तेही उन्हापासून बचावासाठी. एवढ्यात कण सुटेच राहतात आणि वीज वाहत नाही. काळेपणावरून काहीच ठरत नाही.

वीज वाहायची तर प्लास्टिकच्या आत कार्बनची सलग वाट लागते. जमिनीवर ज्वारीचे दाणे एकमेकांना टेकतील असे पसरायचे, तर पोतंभर लागतात. पऱ्हाट्या टाकल्या तर मूठभरच एकमेकींवर आडव्या पडतात. ब्लॅकचे कण गुच्छात असतात, म्हणून नेहमीच्या कंडक्टिव्ह ग्रेडला १५ ते २० टक्के भरावा लागतो. नॅनोट्यूब जेमतेम १० नॅनोमीटर जाडीची, पण लांबी त्याच्या शंभर-दीडशे पट. तिचं काम बहुधा २ ते ४ टक्क्यांत होतं.

पुढचं सगळं या टक्केवारीतून येतं. पीपीमध्ये (पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिकमध्ये) १८ टक्के ब्लॅक घातला की तोच ट्रे जवळपास १० टक्क्यांनी जड होतो; ३ टक्के नॅनोट्यूबने दीड टक्काच. ब्लॅक जास्त असला की माल घट्ट वाहतो, आपटल्यावर लवकर तडकतो आणि घासला की काळं लागतं. साध्या बिन-क्रेटला हे चालतं, आणि तिथे नॅनोट्यूबवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. सर्किट बोर्डाचे ट्रे किंवा पातळ भिंतीचे पार्ट असतील तर मात्र ती परवडते.

नॅनोट्यूब मशीनवर जास्त नखरे करते. पावडरमध्ये नळ्यांचे गुंते असतात. ते इंजेक्शन मशीनच्या स्क्रूने सुटत नाहीत, दोन स्क्रूंचं मिश्रण-मशीन (ट्विन-स्क्रू) लागतं. म्हणून १५ टक्के नॅनोट्यूब आधीच मिसळलेला तयार दाणा, म्हणजे मास्टरबॅच घ्या; त्यातलं मूळ प्लास्टिक आपल्याच मालाचं असू द्या. ३ टक्के हवे असतील तर १०० किलोत २० किलो मास्टरबॅच, ८० किलो कोरा दाणा. काठावरचा डोस ठेवू नका. नळ्यांचं सलग जाळं जुळण्याच्या उंबरठ्याशी अर्धा टक्का इकडेतिकडे झाला, तरी विजेचा रोध हजारपट बदलू शकतो. रीग्राइंड (दळून परत वापरलेला माल) ही बेतानेच, कारण दरवेळी स्क्रूमधून जाताना नळ्या तुटून आखूड होतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो इंजेक्शनचा वेग. एकेका पार्टचा वेळ (सायकल) वाचवायला वेग वाढवला की साच्याच्या भिंतीलगत नळ्या प्रवाहाच्या दिशेने सरळ होतात, आणि गार साच्यात तशाच गोठतात. वरचा थर निरोधक होतो. एकाच ट्रेवर दोन ठिकाणी दोन रीडिंग येतात. दोष मास्टरबॅचवर ढकलला जातो. आधी वेग कमी करा, साचा गरम ठेवा, पुरवठादाराच्या मर्यादेत वितळलेल्या मालाचं (मेल्टचं) तापमान वाढवा. जाळं पुन्हा जुळायला माल थोडा वेळ वितळलेला राहावा लागतो. ब्लॅकच्या गुच्छांना दिशा नसल्यासारखीच, त्यामुळे त्यांना हा त्रास कमी.

मल्टिमीटरच्या दोन सुया टेकवून निकाल देऊ नका. सुई त्या वरच्या थरावर बसते आणि चांगला पार्टही नापास दिसतो. वर्तुळाकार इलेक्ट्रोडचा सरफेस रेझिस्टन्स मीटर वापरा. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारीही या दोन्ही मालांचं रीडिंग फारसं हलत नाही. मलमासारखा पृष्ठभागावर येणारा अँटिस्टॅटिक (स्थिर वीज रोखणारं रसायन) मात्र हवेतल्या ओलाव्यावर जगतो. पावसाळ्यात पास झालेला तसा माल उन्हाळ्यात धूळ ओढू लागतो.

धुळीचीही गोष्ट सारखी नाही. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेने शिफारस केलेली कमाल मर्यादा कार्बन ब्लॅकसाठी हवेच्या घनमीटरला ३.५ मिलिग्रॅम; नॅनोट्यूबसाठी तिने २०१३ मध्ये १ मायक्रोग्रॅम सांगितली. सुटी पावडर शॉपमध्ये आणूच नका, आणि पार्ट ग्राइंड करताना किंवा कापताना धूळ ओढणारी व्यवस्था चालू ठेवा.