बीम हलत नाही, ड्रेनेज चढत नाही

बंगला बांधणाऱ्या किंवा सोसायटीचा पुनर्विकास काढणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

पुण्यात ‘स्लॅब पडला’ (म्हणजे स्लॅबचं काँक्रीट ओतून झालं) म्हटलं की पेढे येतात; नवखा माणूस दचकतो. आम्हीही पेढा घेतो, पण आदल्या संध्याकाळी सेंटरिंगवर (स्लॅबखालच्या तात्पुरत्या साच्यावर) चढून टेपने मापं घेतलेली असतात. कारण कोणता पाइप कुठून जाणार हा वाद तोवर मिटला नसेल, तर पुढे तो ब्रेकरने मिटवावा लागतो.

वाद होतो तो असा. आर्किटेक्टचा प्लॅन वेगळा, आरसीसी कन्सल्टंटचं (बीम-कॉलमचं गणित करणाऱ्याचं) ड्रॉइंग वेगळं, एसीवाल्याचं तिसरंच, आणि प्लंबरचं बहुतेक वेळा डोक्यात. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर असतो. सगळं एकावर एक ठेवलं की दिसतं, की त्याच सहा इंचांवर तिघांनी हक्क सांगितलाय. ही ड्रॉइंग्ज आधीच जुळवून देणं, हे आमचं काम.

समजा, सहकारनगरात तुमचा बंगला होतोय. वरच्या मजल्यावर आजोबांच्या खोलीला लागून टॉयलेट हवं, पण ड्रेनेजचा शाफ्ट (उभे पाइप खाली नेणारी मोकळी जागा) हॉलच्या पलीकडे आहे. म्हणजे पाइप हॉलच्या छताखालून जाणार. मजल्याची उंची ३ मीटर, मधला बीम स्लॅबसकट ४५० मिलिमीटर. बीमखाली उरले २.५५ मीटर. राहत्या खोलीत बीमखालीही किमान २.४ मीटर मोकळी उंची असावी, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. हाताशी राहिले १५० मिलिमीटर. संडासाचा पाइप ११० चा आणि मीटरला २५ असा उतार धरला, तर ३ मीटरमध्ये तो ७५ ने खाली येणार. बेरीज १८५. क्लॅम्प आणि फॉल्स सीलिंग अजून धरलेलंच नाही.

साइटवर यावर दोन तोडगे निघतात. ‘उतार जरा कमी करू’ हा पहिला. त्याचं फळ पुढे तुंबण्यात दिसतं. ‘बीमला भोक पाडू’ हा दुसरा, आणि त्याला आमचा ठाम विरोध आहे. बीमच्या तळाशी मुख्य सळया असतात, कॉलमजवळ कातर-बल (बीमला आडवं कापू पाहणारा जोर) सर्वांत जास्त. कोअर कटिंगच्या मशीनला यातलं काही कळत नाही. पाइप बीममधून न्यायचाच असेल, तर आरसीसी कन्सल्टंटने जागा ठरवून, जादा सळई देऊन, काँक्रीटच्या आधी स्लीव्ह (पाइपला वाट ठेवणारी नळी) टाकायची. त्याहून बरं म्हणजे टॉयलेट शाफ्टच्या बाजूला सरकवणं. कागदावर त्याला खोडरबर पुरतं.

जागा वाटताना आमचा क्रम ठरलेला आहे. पहिला मान सांडपाण्याच्या पाइपला, कारण त्याला उतारच हवा. मग एसीची हवा नेणाऱ्या डक्टला, तो जाडजूड असतो. प्रेशरची पाण्याची लाइन वळसा घेऊ शकते. वायरिंग शेवटी, ते कुठूनही जातं. (इलेक्ट्रिशियन मंडळी यावर रुसतात.) एसीच्या पाण्याची बारीक नळी मात्र सगळे विसरतात. तिलाही उतार लागतो, नाहीतर पाणी सोफ्यावर.

मोठ्या कामात आम्ही ही सगळी ड्रॉइंग्ज कॉम्प्युटरवर एका त्रिमितीय मॉडेलमध्ये बसवतो. याला बिम म्हणतात, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग; बीमशी गल्लत नको. जिथे दोन वस्तू एकमेकींत घुसतात तिथे लाल खूण येते. पण शेकडो लाल खुणांची यादी तुमच्या हातात देणं म्हणजे काम झालं असं आम्ही मानत नाही. पाइप प्लास्टरला घासला तरी मशीन ओरडतं. त्यातल्या खऱ्या अडचणी वेगळ्या काढून, सगळ्यांना एका टेबलाशी बसवून निर्णय लिहून घेणं, हे खरं काम. आणि मॉडेलला न दिसणारंही असतंच. सुरुवातीच्या एका कामात आमचा डीबी (विजेच्या स्विचांचा मुख्य बोर्ड) अगदी मोकळ्या भिंतीवर होता. दार उघडलं की तो दारामागे जायचा. तेव्हापासून दारांची उघडझापही आम्ही मॉडेलमध्ये काढतो.

तुमच्याकडून काय हवं? काही गोष्टी आधी ठरवा: कमोड भिंतीतला की जमिनीवरचा, एसी स्प्लिट की डक्टचा, इन्व्हर्टर आणि वॉशिंग मशीन कुठे, चिमणीचा धूर कोणत्या भिंतीतून. गच्चीवरच्या सोलरची गरम पाण्याची लाइन, बोअर आणि कॉर्पोरेशनच्या पाण्याच्या वेगळ्या टाक्या, पाइप गॅस हेही सांगा. ‘ते नंतर बघू’ म्हटलेली प्रत्येक गोष्ट भिंतीला झिरी मारायला लावते.

साधा एकमजली बंगला असेल, डक्टचा एसी नसेल, तर मॉडेलचा खर्च करू नका. ट्रेसिंग पेपरवर ड्रॉइंग्ज एकावर एक ठेवून काम भागतं; ते आम्ही तुमच्यासमोर बसून करून देऊ. कामाचं स्वरूप कसंही असो, काँक्रीटआधी पाइपांचे टेप लावलेले फोटो आम्ही देतो. जपून ठेवा, पुढे टीव्हीसाठी ड्रिल मारताना उपयोगी पडतात.

येताना असतील ती ड्रॉइंग्ज आणा, पेन्सिलची असली तरी चालतील. सेंटरिंग लागलं असेल तरी या, फक्त सळई बांधायला सुरुवात होण्याआधी.