इसब, बालकांमधील

इसब, बालकांमधील : लहान मुलांच्या त्वचेचा चिवट, खाजरा दाह. हा संसर्गजन्य नाही. त्याच्या मुख्य प्रकारास वैद्यकात अटोपिक डर्माटायटिस म्हणतात. बहुतेक मुलांत त्याची सुरुवात पाच वर्षांच्या आत, पुष्कळांत पहिल्याच वर्षी होते. बोलण्यात ‘इसब’ हा शब्द सैलपणे वापरला जातो आणि नायटा, खरूज, घामोळेही त्यात ढकलले जातात.

प्राचीन वैद्यकातील ‘विचर्चिका’ म्हणजेच इसब, असे सामान्यतः मानले जाते; पण हे समीकरण सरळ नाही. चरकसंहिता व सुश्रुतसंहिता दोन्ही विचर्चिकेची गणना क्षुद्रकुष्ठांत (किरकोळ मानलेल्या त्वचारोगांत) करतात. मात्र चरकाच्या वर्णनात काळपट, खाजणाऱ्या, पुष्कळ स्रवणाऱ्या पुटकुळ्या आहेत, तर सुश्रुताच्या वर्णनात रेघा, तीव्र खाज, वेदना व रूक्षता आहे. काही अभ्यासक यावरून दोन वेगळे रोग कल्पितात. एकाच विकाराच्या ओल्या व कोरड्या अवस्था, हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण एकाच मुलाच्या गालावर स्राव आणि वर्षा-दोन वर्षांनी कोपराच्या खोबणीत जाड, रेघाळ त्वचा दिसते. ‘पामा’ या संज्ञेचा रोख बहुधा खरजेकडे आहे.

इसबाचे इंग्रजी नाव एक्झेमा; या ग्रीक शब्दाच्या मुळाशी ‘उकळून वर येणे’ हा अर्थ आहे. तो साधारण सहाव्या शतकातील ग्रीक वैद्य आयटियसच्या लेखनात आढळतो. आधुनिक वर्गीकरणात इंग्रज वैद्य रॉबर्ट विलन यांनी १८०८ च्या सुमारास त्याला स्थान दिले. फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ बेनिए यांनी १८९२ मध्ये खाज हे मूळ लक्षण मानले. ‘अटोपी’ (अ‍ॅलर्जीकडे असलेला आनुवंशिक कल) ही संज्ञा कोका व कुक यांची (१९२३), तर वाइज व सल्झबर्गर यांनी १९३३ मध्ये आजचे नाव रूढ केले. निदानाचे हॅनिफिन-राय्का निकष १९८० चे आहेत.

अ‍ॅलर्जी आधी की त्वचेचा दोष आधी, हा वाद जुना आहे. त्वचेचा वरचा थर घट्ट ठेवणाऱ्या फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील बिघाड २००६ मध्ये इसबाशी जोडला गेल्यापासून दुसऱ्या पक्षाचे पारडे जड झाले. त्वचेचा बांध गळका असला की आतले पाणी उडून जाते आणि बाहेरचे क्षोभक आत शिरतात. युरोपीय लोकांतील या जनुकाची नेमकी उत्परिवर्तने (जनुकातील बदल) आशियाई लोकांत बहुतांशी आढळत नाहीत, तेव्हा हे एकमेव कारण नव्हे.

सावळ्या त्वचेवर लाली क्वचितच ठळक दिसते. चट्टे तपकिरी, करडे किंवा जांभळट असतात. बरे होताना पांढुरके डाग राहतात. आई-वडील ते कोड समजून घाबरतात, पण रंग हळूहळू परततो. सतत खाजवणाऱ्या मुलाची नखे घासली जाऊन पॉलिश केल्यासारखी चकचकीत होतात. ही खूण तपासणीत आवर्जून पाहावी.

मुंबईत ‘हवाच दमट, मग मुलाला मलम कशाला’ हा समज सर्वाधिक नुकसान करतो. बाहेरची आर्द्रता गळक्या त्वचेत टिकत नाही, उलट घामातील क्षार कोपरा-गुडघ्याच्या खोबणीत झोंबतात. ऑक्टोबरचा उकाडा आणि पॉलिएस्टरचा गणवेश हे जोडीने त्रास देतात. पावसाळ्यात गाद्यांतील धूळकिडे व बुरशी वाढतात, तर डिसेंबर-जानेवारीत जमिनीकडून येणारे वारे कोरडे असतात. ब्रिटनमध्ये कठीण पाण्याशी इसबाचा संबंध दिसला आहे. महापालिकेचे भातसा, तानसा, वैतरणेचे पाणी मृदू असल्याने येथे तो मुद्दा विंधन विहिरीच्या किंवा टँकरच्या पाण्यापुरताच लागू पडावा. दाटीच्या घरांत खरूज आधी वगळावी: रात्री घरातील इतरांनाही खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ.

उपचाराचा पाया म्हणजे वंगण. कोमट पाण्याने पाच ते दहा मिनिटांत आंघोळ, अंग टिपून लगेच, शक्यतो तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचे मॉइश्चरायझर, आणि दिवसातून आणखी एकदा तरी. सर्वांगावर इसब असलेल्या मुलाला आठवड्याला सुमारे २५० ग्रॅम लागते. चिमूटभर लावून गुण येत नाही. शुद्ध खोबरेल चालते, मोहरीचे तेल टाळावे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात अशा मुलाला उटणे चोळू नये.

भडका उडाल्यावर स्टेरॉइड मलम लागते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेले मलम साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. योग्य तीव्रतेचे मलम ठरलेले दिवस लावणे सुरक्षित आहे. भीती बाळगायची ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेल्या, जहाल स्टेरॉइडमध्ये बुरशीनाशक व प्रतिजैविक मिसळलेल्या ट्यूबची. २०१८ मध्ये केंद्राने अशा अनेक मलमांना शेड्यूल एच (चिठ्ठीविना विक्रीस मनाई) लागू केले, तरी ती सर्रास मिळतात. चेहऱ्यासाठी दोन वर्षांपुढील मुलांत ०.०३ टक्के टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेले मलम हा पर्याय आहे.

वांगे, अंडे, मासे बंद करण्याची घाई होते. विशिष्ट पदार्थाने त्रास होतो हे सिद्ध झाल्याशिवाय पथ्य लादल्यास वाढत्या मुलाचे पोषण बिघडते. परळच्या १९२९ साली स्थापन झालेल्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात तसेच केईएम, नायर व सायन या पालिका रुग्णालयांत तज्ज्ञ तपासणी होते.

चट्ट्यांवर अचानक एकाच आकाराचे, मध्ये खळगा असलेले दुखरे फोड व ताप आल्यास ते नागिणीच्या कुळातील हर्पिस विषाणूचे संक्रमण असू शकते. मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.