४० लिटरांचा समुद्र

प्रवाळ म्हटले की दगडासारखा कडक सांगाडा डोळ्यांसमोर येतो. मऊ प्रवाळांना तसा सलग सांगाडा नसतो. त्यांच्या अंगात चुन्याच्या बारीक काड्या विखुरलेल्या असतात, तेवढ्यावर ते उभे राहतात. म्हणून कॅल्शियम त्यांना कमी लागते आणि नवख्याच्या बारीकसारीक चुका ते निभावून नेतात. घरात ४० लिटरांच्या खाऱ्या पाण्याच्या काचटाकीत प्रवाळ पाळायचे, तर सुरुवात यांच्यापासून करावी.

टाकी लहान म्हणजे काम सोपे, हा समज मात्र सोडावा. समुद्राच्या १ लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ४० लिटरांत १४०० ग्रॅम. त्यातले २ लिटर पाणी उडून गेले, तरी मीठ सगळे मागेच राहते आणि खारेपणा ३७च्या घरात जातो. मोठ्या टाकीत एवढ्याने काही बिघडत नाही. लहान टाकीच्या काचेवर पातळीची खूण करावी आणि रोज तिथपर्यंत पाणी भरावे. हे पाणी गोडे हवे! खारे ओतले की क्षार वाढतच जातात. पाणी आरओचे घ्यावे. नळाच्या पाण्यात तांब्याचा अंश असला, तर तो प्रवाळांना विषासारखा.

मीठ विरघळवले, खडक रचले, पंप आणि हीटर लावून तापमान २५-२६ अंशांवर आणले, की बहुतेकांना प्रवाळ आणायची घाई होते. इथे चार ते सहा आठवडे थांबावेच लागते. कुजणाऱ्या प्रत्येक कणातून अमोनिया सुटतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट. खडकांच्या छिद्रांत त्यांची वस्ती जमायला वेळ लागतो. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी तयार झाली. मधल्या काळात वाळूवर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर चढतो. तो आपोआप ओसरतो.

अनेक मऊ प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशात बनवलेले अन्न यजमानाला देते. त्यासाठी निळसर प्रकाश रोज आठ-दहा तास पुरे. झेनिया या मऊ प्रवाळाची तर गंमतच आहे. त्याचा प्रत्येक पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एकेक इवला जीव, आठ हात पसरतो, मिटतो, पुन्हा पसरतो, जवळजवळ अखंड. एवढी शक्ती तो का खर्चतो? लाल समुद्रातल्या त्याच्या एका भाऊबंदावर झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उत्तर मिळाले: या हालचालीने पॉलिपभोवती साचलेला ऑक्सिजन झटकला जातो आणि शैवालाचे प्रकाशसंश्लेषण कितीतरी पटींनी वाढते. मला हे कळल्यापासून झेनियासमोरून हलवत नाही.

मऊ प्रवाळ शांत दिसले, तरी शेजाऱ्याला रोखायला पाण्यात रसायने सोडतात. दोन जातींत वीतभर अंतर ठेवावे, ही रसायने शोषणाऱ्या सक्रिय कार्बनची पिशवी लावावी आणि आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे.

माझे सार्कोफायटन, म्हणजे अळंबीसारखी टोपी असलेले मऊ प्रवाळ, एकदा मिटले ते उघडेचना. पॉलिप आत, अंगावर मेणासारखी चकाकी. पाणी तपासले, सगळे ठीक होते. नऊ दिवस मी रोज वाकून बघत होतो, मेले असेच धरून चाललो होतो. दहाव्या दिवशी त्याच्यावरून पातळ मेणचट पापुद्रा सुटला आणि पंपाच्या धारेबरोबर वाहत गेला. साचलेले शेवाळ आणि कचरा टाकण्याची ही त्याची पद्धत. संध्याकाळपर्यंत टोपीभर पॉलिप बाहेर आले होते.