ओढणारी हवा, ढकलणारी हवा

सोलापुरात ‘मशीन’ म्हटलं की दोनच गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक माग, दुसरी दवाखान्यातली खाट. ‘त्यांना मशीनवर ठेवलंय’ असं कुणी फोनवर सांगितलं की ऐकणारा पुढचं काही विचारत नाही, एसटीची वेळ बघतो. आमच्या आप्पांना डॉक्टरांनी रात्री झोपताना बायपॅप, म्हणजे मास्कमधून हवा आत ढकलणारं यंत्र, लावायला सांगितलं, तेव्हा आमच्याकडेही तेच झालं. अक्कलकोटची आत्या त्याच संध्याकाळी आली, ती रडतच. आप्पा तेव्हा बाहेर कट्ट्यावर बसून चहा पीत होते.

आप्पांची अख्खी नोकरी गिरणीच्या कार्डिंग खात्यात गेली. कापूस पिंजून त्याचा पेळू, म्हणजे सूत कातायची वात, करायची ती जागा. भोंगा झाला की आत शिरायचं आणि पाळी सुटली की भुवया पांढऱ्या करून बाहेर यायचं. त्या धुळीने होणाऱ्या छातीच्या विकाराला वैद्यकात बायसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी विचित्र आहे. सुटी संपून कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, आठवडाभरात थोडी मोकळी होते, आणि पुढच्या सुटीनंतर पुन्हा तेच. इंग्रज गिरणगावांत याला सोमवारचा ताप म्हणत. आमच्या गल्लीत याला नावच नव्हतं. ‘दम लागतोय’ एवढंच म्हणायचे, आणि वर विडी ओढायचे. आप्पांच्या छातीवर धूळ आणि विडी, दोन्हींचं ओझं आहे.

आत्याची भीती पाहून मी या यंत्रांचा मागोवा घ्यायला लागलो. एक गोष्ट मनात पक्की बसली. दमलेल्या स्नायूला उसना जोर द्यावा, म्हणूनच यातली बरीचशी यंत्रं बनत आली. आणि ते यंत्र अंगावर घालता यावं, त्यातून माणसाला बोलता-चालता यावं, ही धडपड आजकालची नाही. ती दीडशे वर्षांची आहे.

आधी श्वास कसा चालतो ते बघू. लोहाराचा भाता ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. भात्याच्या फळ्या एकमेकींपासून दूर नेल्या की आतली पोकळी वाढते आणि हवा आपण होऊन आत शिरते. छातीचंही तसंच. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, खाली उतरतं, बरगड्या वर आणि बाहेर सरकतात, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा जरासा कमी होतो आणि श्वास आत येतो. हे स्नायू थकले, तर मदत करायचे मुख्य रस्ते दोन. छातीच्या बाहेरचा दाब कमी करून तिला बाहेरच्या बाजूने ओढायचं, किंवा नाका-तोंडातून हवा आत ढकलायची. पुढचा बराचसा इतिहास म्हणजे या दोन रस्त्यांमधली ओढाताण आहे.

पहिला मान ओढणाऱ्यांचा. १८३८ मध्ये जॉन डॅल्झिल या स्कॉटिश डॉक्टराने एका हवाबंद पेटीचं वर्णन केलं. माणूस आत बसलेला, डोकं आणि मान बाहेर, आणि पेटीतली हवा कमी-जास्त करायला भाता. १८६४ मध्ये अमेरिकेत केंटकीच्या आल्फ्रेड जोन्सने अशाच पेटीचं पेटंट घेतलं. १८७६ मध्ये पॅरिसच्या युजेन वॉयेझने ‘स्पायरोफोर’ केला. त्यात रोग्याच्या छातीवर टेकवलेली एक काठी पेटीबाहेर यायची. काठी हलली की छाती हलतेय हे कळायचं. साधी युक्ती, पण ज्याने कधी आजारी माणसाच्या उशाशी बसून छाती हलतेय का हे टक लावून पाहिलंय, त्याला तिचं मोल कळेल.

पेटी मोठी, अवजड. तेव्हा प्रश्न पडला की अख्खा माणूस आत घालायचा कशाला? फक्त छाती झाकली तर? १८७० च्या दशकात व्हिएन्नाच्या इग्नाझ फॉन हाउकेने छातीपुरतं कवच बनवलं. युरोपीय भाषांत त्याला मिळालेलं ‘क्युरास’ हे नाव थेट योद्ध्याच्या अंगावरचं आहे. क्युरास म्हणजे छातीचं चिलखत. मराठीत आपण खुशाल चिलखत म्हणावं.

चिलखताच्या या गोष्टीत एक बाप आहे. १८८१ च्या ऑगस्टमध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा मुलगा एडवर्ड जन्मला आणि काही तासांतच श्वासाअभावी गेला.  त्याच उन्हाळ्यात अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष गारफील्ड याच्या अंगात रुतलेली गोळी आपल्या विद्युत यंत्राने शोधण्याची बेलची खटपट चालू होती. मुलगा गेल्यावर त्याने धातूचं एक निर्वात जाकीट तयार केलं, धडाभोवती बसणारं, हातभात्याला जोडलेलं. टेलिफोन जगाने उचलला, ते जाकीट मागे पडलं. मला मात्र बेलचं नाव ऐकलं की आता आधी ते जाकीट आठवतं.

मोठी उडी १९२८ ची. हार्वर्डचा फिलिप ड्रिंकर हा मुळात कारखान्यांतल्या कामगारांच्या आरोग्याचा अभ्यासक. पुढे त्याने कारखान्यांतल्या धुळीवर ग्रंथही लिहिला, म्हणजे आप्पांच्या भुवयांवर जे साठायचं त्यावरच. गॅसने गुदमरलेल्या आणि विजेचा धक्का बसलेल्या माणसांना वाचवता यावं, म्हणून एका गॅस कंपनीच्या पैशातून हे काम सुरू झालं होतं. लुई अगासिझ शॉच्या जोडीने त्याने पत्र्याचा लांबोडका डबा केला, त्याला व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरी लावल्या. १२ ऑक्टोबर १९२८ रोजी बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात पोलिओने श्वास अडकलेली आठ वर्षांची मुलगी त्यात ठेवली. ती जवळपास लगेच शुद्धीवर आली. काही दिवसांनी न्यूमोनियाने ती गेली, पण यंत्राने आपलं काम दाखवून दिलं होतं. लोकांनी त्याला लोखंडी फुप्फुस म्हटलं.

१९३१ मध्ये जॉन एमर्सनने त्याची सुटसुटीत आणि बरीच स्वस्त आवृत्ती काढली. ड्रिंकर आणि हार्वर्डने त्याच्यावर दावा लावला. या कल्पना आधीच्या लोकांनी केव्हाच मांडून ठेवल्या आहेत, हे एमर्सनने दाखवून दिलं आणि पेटंट रद्द झालं. ऑस्ट्रेलियात एडवर्ड बोथने प्लायवुडची पेटी केली, आणि १९३८ पासून मोटारवाल्या लॉर्ड नफिल्डने आपल्या काउलीच्या मोटार कारखान्यात त्या पेट्या बनवून ब्रिटिश साम्राज्यातल्या रुग्णालयांना फुकट वाटल्या, सुमारे १७००.

माझ्या सगळ्यात जवळची गोष्ट मात्र याहून लहान आहे. सर विल्यम ब्रॅग, १९१५ चे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ. १९३० च्या दशकात त्यांच्या शेजारी स्नायू झिजत चाललेला एक माणूस होता. त्याची छाती दाबून श्वास देताना घरचे लोक थकून जात. ब्रॅगनी फुटबॉलचा रबरी ब्लॅडर त्याच्या छातीवर पट्ट्याने बांधला, नळीने दुसऱ्या ब्लॅडरला जोडला आणि तो दुसरा ब्लॅडर दोन फळ्यांमध्ये ठेवून दाबायला लावला. फळ्या दाबल्या की छातीवरचा ब्लॅडर फुगे, छाती दबे, श्वास बाहेर जाई. सोडलं की छाती आपल्या लवचिकपणाने उघडे आणि हवा आत येई. रॉबर्ट पॉल या उपकरणकाराने, जो इंग्लंडमधल्या आद्य सिनेमावाल्यांपैकी एक, त्याचं आपोआप चालणारं यंत्र केलं. ब्रॅग-पॉल पल्सेटर. पुढे आलेला पोटाचा फुगवणारा पट्टाही त्याच घराण्यातला. तो फुगला की पोट दाबतो, श्वासपटल वर जातं. हवा सोडली की पोटातल्या अवयवांच्या वजनाने श्वासपटल खाली येतं. त्यामुळे तो बसलेल्या माणसालाच उपयोगी, आडव्या माणसाला नाही. पण त्या पट्ट्यावर अंगरखा घालून माणूस चारचौघांत बसू शकतो.

मग ओढणारा रस्ता मागे का पडला? त्याचं उत्तर १९५२ च्या कोपनहेगनमध्ये आहे. पोलिओची जबर साथ. ब्लेगडॅम रुग्णालयात लोखंडी फुप्फुस एकच, आणि चिलखतं सहा. पहिल्या तीन आठवड्यांत त्यांवर ठेवलेल्या ३१ रोग्यांपैकी २७ गेले. घसाच लुळा पडलेला असला की लाळ श्वासनलिकेत उतरते, आणि छाती बाहेरून कितीही ओढली तरी वरचा दरवाजा बंदच राहतो. भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेनने मान्य पद्धत बाजूला सारली. २७ ऑगस्टला १२ वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसवली गेली आणि त्याने रबरी पिशवी हाताने दाबून हवा आत ढकलायला सुरुवात केली. मुलगी वाचली. पण पिशवी दाबायला यंत्र कुठे होतं? सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून बसले, दिवसाचे चोवीस तास, कित्येक महिने. मृत्यूचं प्रमाण ८७ टक्क्यांवरून २५ टक्क्यांच्या आसपास उतरलं.

भोंग्यावर जगलेल्या आपल्या शहराला ते दृश्य डोळ्यांपुढे आणणं अवघड नाही. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. फक्त हातात धोटा नाही, कुणाचा तरी श्वास आहे. आप्पांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘रातपाळीच्या पोराला चहा तरी मिळत होता का रे?’

कोपनहेगननंतर अतिदक्षता विभाग उभे राहिले, व्हेंटिलेटर आले, आणि ‘मशीन’ म्हणजे घशात नळी हे समीकरण बसलं. आत्याची भीती तिथून आलेली आहे. १९५५ मध्ये साल्कची लस आली, पोलिओ ओसरत गेला, पेट्या गोदामांत गेल्या. आपल्याकडे दोन थेंबांचे रविवार वर्षानुवर्षं चालले. १३ जानेवारी २०११ चा रोगी देशातला शेवटचा ठरला, आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. लोखंडी फुप्फुसात सत्तरहून अधिक वर्षं काढलेला टेक्ससचा पॉल अलेक्झांडर त्यातूनच वकील झाला. २०२४ च्या मार्चमध्ये तो गेला.

मास्कची वाट स्वतंत्रच. १९३६ मध्ये लंडनच्या पोल्टनने व्हॅक्यूम क्लीनरचा पंखा वापरून मास्कमधून दाबाची हवा दिली होती. पुन्हा तेच घरगुती यंत्र! १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जॉर्ज ग्रेगरीने अपुऱ्या दिवसांच्या २० बाळांच्या फुप्फुसांवर सतत हलका दाब ठेवला, १६ वाचली. नवजात बाळांच्या कक्षात आज बाळाच्या नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत बुडबुडत असतं, ते त्याच विचारातून. नळी पाण्यात जेवढे सेंटिमीटर खोल, तेवढा दाब.

आणि १९८० मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन. झोपेत ज्यांचा घसा मिटून श्वास अडतो, अशा लोकांना तोवर गळ्याला छेद देणं हाच खात्रीचा इलाज होता. एका रोग्याने त्याला नकार दिला. सलिव्हनने व्हॅक्यूम क्लीनरची मोटर घेतली, ओढण्याऐवजी फुंकायला लावली, रोग्याच्या नाकाचा साचा काढून मास्क केला आणि तो सिलिकोनने नाकावर चिकटवला. घसा आतून हवेने उघडा राहिला, रोगी रात्रभर झोपला. १९८१ मध्ये पाच रोग्यांवरचा अहवाल छापून आला. हा सीपॅप. १९९० च्या सुमारास बायपॅप आला, श्वास घेताना जास्त दाब आणि सोडताना कमी. नळी घशात नाही, नाकावर मास्क. सकाळी काढून ठेवायचा आणि कामाला लागायचं.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत हे शब्द घराघरांत पोचले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने मर्सिडीजच्या शर्यतीच्या मोटारी बनवणाऱ्यांना हाताशी धरून १०० तासांच्या आत सीपॅपचा नमुना तयार केला आणि आराखडे सगळ्यांना खुले केले. नफिल्डच्या पेट्यांनंतर बरोबर ८२ वर्षांनी, पुन्हा मोटारवालेच.

चिलखतही संपलेलं नाही. १९८० च्या दशकात इस्रायली डॉक्टर झमीर हायेकने त्याचं नवं रूप केलं. पारदर्शक प्लॅस्टिकचं हलकं कवच, कडेला मऊ फोम, पाठीमागून पट्टे, एक जाड नळी. ते छाती ओढतं आणि श्वास सोडताना ढकलतंही. मिनिटाला शेकडो वेळा थरथरवून कफ सुटा करायलाही वापरतात. तोंड-नाक मोकळं राहतं, त्यामुळे ते घालून जेवता-बोलता येतं. पण झोपेत ज्याचा घसा मिटतो त्याला ते गैरसोयीचं, आणि पाठीला पोक असला की कडा नीट बसत नाहीत. म्हणजे कोपनहेगनला जिथे घोडं अडलं, तिथे ते आजही अडतं. आप्पांसारख्याला मास्कच बरा, हे डॉक्टरांचं म्हणणं मला हा सगळा इतिहास कळल्यावर पटलं.

मास्कची कटकट आहेच. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, कोरडी हवा नाकात सारखी फुंकली की घसा सुकतो, म्हणून यंत्राच्या डबीत पाणी भरून हवा दमट करावी लागते. आप्पांना हे चटकन कळलं. मागखात्यातही हवा दमट ठेवायचे, नाहीतर सूत तुटतं. वीज गेली तर इन्व्हर्टर हवाच. आणि पट्टा किती आवळायचा हे रोज नव्याने ठरवावं लागतं. सैल झाला तर डोळ्यांत वारा, घट्ट झाला तर नाकावर वळ.

पहिल्या रात्री आप्पा मास्क लावायला तयार नव्हते. आत्या दारात उभी. यंत्रावर श्वास घेतानाचा दाब १४ दाखवत होता. मी पाण्याची उंच बाटली घेतली, सलाईनची एक स्वच्छ नळी १४ सेंटिमीटर बुडवली आणि आप्पांना फुंकायला सांगितलं. त्यांनी दम धरून फुंकलं. बुडबुडे आले. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं. ‘एवढाच जोर?’ म्हणाले. मग नळी आत्याच्या हातात दिली. तिने पदर सावरला आणि फुंकलं. बुडबुडे येईपर्यंत फुंकत राहिली.