सीपीसी-ए मधला ‘ए’ काढायचा आहे? पात्रता, पत्रं आणि थोडी पूर्वतयारी

सीपीसी (सर्टिफाइड प्रोफेशनल कोडर) ही मेडिकल कोडिंगची, म्हणजे रुग्णाच्या नोंदींतले आजार-उपचार ठरावीक कोडमध्ये मांडण्याच्या कामाची परीक्षा पास झालात, पण कोडिंगचा दोन वर्षांचा अनुभव नसेल, तर अमेरिकेतली एएपीसी ही संस्था तुम्हाला ‘सीपीसी-ए’, म्हणजे अप्रेंटिस ठरवते. पुण्यात, नवी मुंबईत फ्रेशर म्हणून लागलेल्या बहुतेकांचं हेच असतं.

परीक्षेचं थोडक्यात: 100 प्रश्न, 4 तास, पास व्हायला 70 टक्के. एएपीसीचं सभासदत्व लागतं, पदवीची सक्ती नाही. नोकरी देणारे मात्र बी.फार्म., नर्सिंग, बीएचएमएस किंवा लाइफ सायन्सची पदवी बघतात. नोंदणीत नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाका. लग्नाआधीचं-नंतरचं आडनाव, वडिलांचं नाव मध्ये असणं-नसणं, यात आपल्याकडे हमखास घोळ होतो.

‘ए’ काढायला दोन वर्षांच्या अनुभवाची दोन सहीची पत्रं द्यायची. एक कंपनीच्या लेटरहेडवर, दुसरं सहकाऱ्याचं चालतं. किमान 80 तासांच्या कोडिंग कोर्सचं प्रमाणपत्र असेल तर ते एका वर्षाच्या जागी धरतात. मग एका वर्षाच्या अनुभवाचं पत्र पुरतं.

खरी अडचण पत्रातल्या मजकुराची. एचआरच्या ठरावीक पत्रात ‘प्रोसेस असोसिएट’ एवढंच असतं, त्यातून तुम्ही कोडिंग केलं हे कळत नाही. आयसीडी-10-सीएम (आजारांचे कोड), सीपीटी (उपचार-तपासण्यांचे कोड), एचसीपीसीएस (साहित्य, औषधं वगैरेंचे कोड) वापरून किती काळ काम केलं, हे लिहून घ्या. तेही राजीनामा देण्याआधी! नोटीस पीरियडमध्ये सहीसाठी कोण धावतंय?

हे पत्र बहुधा टीम लीड लिहितो, आणि त्याच्यासमोर तुमचे ऑडिट झालेले चार्ट (तुम्ही कोड केलेल्या रुग्णांच्या नोंदी) असतात. नव्या माणसाची ठरलेली चूक सांगतो. ओपीडीच्या चार्टवर डॉक्टर ‘प्रोबेबल न्यूमोनिया’ लिहितात आणि आपण जे18.9 हा न्यूमोनियाचा कोड टाकून मोकळे. ओपीडीत संशयाचा कोड द्यायचा नसतो. नोंदलेलं लक्षण खोकला असेल तर आर05.9. भरती रुग्णाच्या डिस्चार्जला तेच ‘प्रोबेबल’ असेल, तर मात्र न्यूमोनियाच कोड करायचा. ऑडिटरने एरर मार्क केली की वाद घालण्याआधी गाइडलाइन उघडा.

‘ए’ असला तरी दर दोन वर्षांनी 36 सीईयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) चुकत नाहीत, आणि सभासदत्वही चालू ठेवावं लागतं.